एका सर्टिफिकेटला एक आयपी: एका नियमाची जन्मकथा



सिनॉप्सिसच्या साच्यात 'गृहीतके' नावाचा एक मथळा असतो. बहुतेक जण त्याखाली तीन-चार सरधोपट वाक्यं लिहितात आणि पुढे सरकतात. आज मला अशा एका गृहीतकाची गोष्ट सांगायची आहे, जे कुणी कागदावर लिहिलंच नव्हतं. ते दोन-तीन वर्षांत खोटं ठरलं आणि त्याचे परिणाम निस्तरायला पुढची सतरा-अठरा वर्षं गेली.

वेबसाइट चालवणाऱ्यांना एक नियम तोंडपाठ असायचा: साइटला सुरक्षेचं सर्टिफिकेट, म्हणजे बोलीभाषेतलं 'एसएसएल', बसवायचं असेल तर आधी स्वतंत्र आयपी अ‍ॅड्रेस विकत घ्या. होस्टिंगच्या दरपत्रकात त्याची वेगळी ओळ असायची. जुन्या ट्युटोरियलमध्ये हा सल्ला आजही सापडतो. आता गंमत बघा. सर्वसाधारण सर्टिफिकेट उघडून पाहिलंत, तर त्यात साइटचं नाव असतं, सार्वजनिक किल्ली असते, मुदत असते, देणाऱ्या संस्थेची सही असते. आयपी अ‍ॅड्रेस कुठेच नसतो. सर्टिफिकेट नावाला बांधलेलं असतं, पत्त्याला नाही. मग पत्ता स्वतंत्र का लागायचा?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना तीन गोष्टी हाताला लागतात: नियम आला कुठून, तो इतकी वर्षं टिकला का, आणि तो संपला नेमका कधी. शेवटची गोष्ट सोपी वाटते, पण तीच सगळ्यात अवघड आहे.

१९९५: एक साइट, एक पत्ता

एसएसएल ही पद्धत नेटस्केप कंपनीत तयार झाली. पहिली आवृत्ती बाहेर आलीच नाही. दुसरी १९९५ मध्ये आली आणि तिच्यातले दोष दूर करणारी तिसरी १९९६ मध्ये. गरज स्पष्ट होती: इंटरनेटवरून खरेदी करायची तर क्रेडिट कार्डाचा नंबर वाटेत कुणाला वाचता येऊ नये आणि समोरचं दुकान खरं आहे याची खात्री पटावी.

त्या वेळचं वेब कसं होतं हे लक्षात घ्या. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो ती भाषा म्हणजे एचटीटीपी. तिच्या १.० या आवृत्तीत ब्राउझर फक्त पानाचा मार्ग सांगायचा: 'मला अमुक फाइल दे.' कोणत्या साइटची फाइल, हे सांगणं बंधनकारक नव्हतं. कारण सर्व्हरच्या पत्त्यावर पोचलो म्हणजे साइटवर पोचलो, असंच धरलेलं होतं. एका यंत्रावर दोन साइट ठेवायच्या असतील तर त्या यंत्राला दोन आयपी अ‍ॅड्रेस द्यायचे, हा साधा उपाय होता.

म्हणजे एसएसएलच्या रचनाकारांनी 'प्रत्येक सुरक्षित साइटला वेगळा पत्ता हवा' असा नियम केलाच नाही. त्यांच्या भोवतालच्या जगात प्रत्येक साइटला वेगळा पत्ता होताच. त्यामुळे 'आपण कोणत्या साइटशी बोलतोय' हे सांगण्याची सोय एसएसएलमध्ये ठेवावी, असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. गृहीतक असं हवेत असतं. हवा बदलेपर्यंत ते दिसत नाही.

१९९७: हवा बदलली

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. सप्टेंबर १९८१ मध्ये हे मानक प्रसिद्ध झालं तेव्हा आकडा अवाढव्य वाटला असेल. नव्वदच्या दशकात वेबसाइटी भराभर वाढायला लागल्यावर मात्र प्रत्येक साइटमागे एक पत्ता खर्च करणं ही उधळपट्टी आहे, हे उघड दिसू लागलं.

म्हणून जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चं मानक आलं, तेव्हा त्यात 'होस्ट' नावाचा हेडर सक्तीचा झाला. आता ब्राउझरने प्रत्येक विनंतीबरोबर साइटचं नावही सांगायचं. या बदलामुळे पत्ते वाचतील, हे मानक लिहिणाऱ्यांनीच नमूद केलं आहे. एका आयपी अ‍ॅड्रेसवर शेकडो साइट सुखाने नांदू लागल्या. स्वस्त 'शेअर्ड होस्टिंग'चा धंदा या एका हेडरवर उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पण एसएसएल तिथेच राहिलं. अडचण कशी झाली, ते चाळीच्या उदाहरणाने बघू.

समजा एक चाळ आहे, पत्ता एकच, बिऱ्हाडं वीस. तुम्ही दारात येऊन 'कुलकर्ण्यांकडे जायचंय' म्हणता आणि दारातला माणूस तुम्हाला योग्य खोलीकडे पाठवतो. हा झाला होस्ट हेडर. आता सुरक्षेसाठी एक नवी शिस्त आली: तुम्ही तोंड उघडण्याआधी दारातल्या माणसाने तुम्हाला ओळखपत्र दाखवायचं. ते पटलं, की मगच तुम्ही कानात सांगायचं, कुणाकडे आलात ते. बिऱ्हाड एकच असेल तर काही प्रश्न नाही. पण बिऱ्हाडं वीस असतील, तर त्या माणसाने कुणाचं ओळखपत्र दाखवायचं?

एसएसएलच्या जोडणीत नेमकं हेच व्हायचं. ब्राउझर पहिला निरोप पाठवायचा, त्यात आवृत्ती, एक यादृच्छिक संख्या आणि आपल्याला येणाऱ्या सांकेतिक पद्धतींची यादी असायची. सर्व्हर उलट आपलं सर्टिफिकेट पाठवायचा. मग किल्ल्या ठरायच्या. हे सगळं झाल्यावर कुलूपबंद वाटेतून एचटीटीपीची विनंती जायची आणि तिच्यात साइटचं नाव असायचं. नाव कळायच्या आधीच नावाचा पुरावा द्यायचा! सर्व्हरला बाहेरून कळणारी एकच गोष्ट उरायची: जोडणी कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसवर आणि कोणत्या पोर्टवर आली. म्हणून प्रत्येक सर्टिफिकेटला वेगळा पत्ता. सर्व्हरने अंदाजाने भलतंच सर्टिफिकेट दाखवलं, तर ब्राउझर वाचकाला नाव जुळत नसल्याचा इशारा द्यायचा.

इथे संशोधक म्हणून एक गोष्ट टिपून ठेवा. स्वतंत्र आयपीचा नियम गणितातून आला नव्हता, सुरक्षेच्या तत्त्वातूनही नाही. तो निरोपांच्या क्रमातून आला होता.

पळवाटा आणि न घेतलेली वाट

लोकांनी पळवाटा शोधल्या. प्रत्येक साइटला वेगळा पोर्ट द्यायचा, पण मग पत्त्यात नावाच्या शेपटीला आकडा लागतो, आणि कार्यालयांच्या फायरवॉल असे अनोळखी पोर्ट बऱ्याचदा अडवतात. एकाच मुख्य नावाच्या पोटातल्या सगळ्या नावांना चालणारं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घ्यायचं, पण ते एकाच मालकाच्या कामाचं. एका सर्टिफिकेटमध्ये अनेक नावं घालायची, पण नवीन गिऱ्हाईक आलं की सर्टिफिकेट बदलायचं, आणि एकमेकांशी संबंध नसलेली नावं एकाच कागदावर.

याहून मुळाशी जाणारा एक प्रस्ताव मे २००० मध्ये आला. इंटरनेटची मानकं आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात. त्यातल्या २८१७ क्रमांकाच्या आरएफसीने म्हटलं, जोडणी साध्या एचटीटीपीने सुरू करा, त्यातच साइटचं नाव सांगा, मग त्याच जोडणीवर सुरक्षित व्हा. यामुळे एका पत्त्यावर अनेक सुरक्षित साइट ठेवता येतील, हे त्याच्या सारांशातच लिहिलेलं आहे. त्याच महिन्यात, लगेच पुढच्या क्रमांकाने, आरएफसी २८१८ प्रसिद्ध झालं. त्यात तोवर रूढ झालेली पद्धत नोंदवली होती: वेगळा पोर्ट, आणि आधी सुरक्षा, मग एचटीटीपी.

ब्राउझरांनी दुसरी वाट धरली. आपण आजही 'एचटीटीपीएस' म्हणतो ते त्या वाटेवरचंच. पहिली वाट वेबच्या बाबतीत रानातच राहिली. इतिहास लिहिताना अशा न घेतलेल्या वाटा वगळल्या, तर जे घडलं ते अटळच होतं असं वाटायला लागतं. २८१७ वाचल्यावर कळतं, की अडचण २००० सालीच नीट ओळखली गेली होती. अज्ञान हे कारण नव्हतं.

२००३: औषध सापडलं

दरम्यान एसएसएलचा कारभार मानक-संस्थेकडे गेला होता आणि त्याचं नाव टीएलएस झालं होतं. जानेवारी १९९९ च्या टीएलएस १.० मध्ये एक छोटीशी टीप आहे: ब्राउझरच्या पहिल्या निरोपाच्या शेवटी जास्तीची माहिती असली तर चालेल, सर्व्हरने तिचा अर्थ न लावता ती सोडून द्यावी. पुढे काय लागेल हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी जागा राखून ठेवली.

जून २००३ मध्ये आरएफसी ३५४६ ने नेमकी तीच जागा वापरली. पहिल्याच निरोपाला ब्राउझरने साइटचं नाव जोडायचं. या सोयीचं नाव सर्व्हर नेम इंडिकेशन, थोडक्यात एसएनआय. चाळीच्या भाषेत सांगायचं, तर दारात येताच 'कुलकर्ण्यांकडे' म्हणायचं, मग माणूस कुलकर्ण्यांचं ओळखपत्र दाखवील. एवढंच!

बऱ्याच लेखांत गोष्ट इथे संपते: '२००३ मध्ये एसएनआय आलं आणि स्वतंत्र आयपीची गरज संपली.' हे वाक्य चूक आहे, आणि त्यात चूक कशी होते ते समजून घेणं हाच या लेखाचा गाभा आहे.

कागदावरून वापरापर्यंत

एसएनआय चालायला दोन्ही बाजूंना ते यावं लागतं. सर्व्हरकडे आलं आणि ब्राउझरकडे नसलं, तर नाव सांगितलंच जात नाही आणि जुनी अडचण तशीच राहते. आता तारखा बघा.

ऑपेरा ८ मध्ये ते २००५ ला आलं, फायरफॉक्स २ मध्ये २००६ ला. इंटरनेट एक्सप्लोरर ७ मध्येही आलं, पण विंडोज व्हिस्टावर चालवलं तरच. तोच एक्सप्लोरर विंडोज एक्सपीवर चालवला तर एसएनआय नाही, आणि पुढे एक्सपीवर आठवी आवृत्ती टाकली तरी नाही. कारण एक्सप्लोरर टीएलएसचं काम विंडोजच्या पोटातल्या लायब्ररीकडून करून घ्यायचा, आणि एक्सपीमधल्या त्या लायब्ररीला ही सोय मिळालीच नाही. फायरफॉक्स स्वतःची लायब्ररी घेऊन यायचा, म्हणून त्याच एक्सपीवर त्याला ते जमायचं.

सर्व्हरच्या बाजूला, ओपनएसएसएल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत सोय २००७ मध्ये आली. अपाची सर्व्हरच्या मूळ एसएसएल मॉड्यूलमध्ये ती आली २.२.१२ आवृत्तीबरोबर, जुलै २००९ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरला २०१२ उजाडलं. मोबाइलवर अँड्रॉइड २.३ चा मूळ ब्राउझर एसएनआय जाणत नव्हता, आणि स्वस्त फोनांवर तो नंतरही बरीच वर्षं चालू होता.

आता दुकानदाराच्या जागी उभं राहून विचार करा. शंभरातली थोडीच गिऱ्हाइकं जुन्या एक्सपीवरून येतात. पण त्या प्रत्येकाला तुमच्या दुकानाच्या दारात 'ही साइट विश्वासार्ह नाही' अशी पाटी दिसणार. कोण धोका पत्करील? त्यापेक्षा महिन्याला थोडे पैसे देऊन स्वतंत्र आयपी घेतलेला बरा. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणा निर्णय घेतला आणि सगळ्यांचा मिळून परिणाम असा झाला, की औषध कपाटात पडून राहिलं.

याची किंमत कुणी भरली? बँकांना आणि मोठ्या दुकानांना स्वतंत्र आयपी जड नव्हता. ज्यांना तो जड होता, अशा छोट्या संस्था, शाळा-कॉलेजं, हौशी ब्लॉगर यांनी सुरक्षेचा नादच सोडला. त्यांच्या वाचकांचे पासवर्ड उघड्या वाटेने जात राहिले. आयपी हे एकमेव कारण होतं असं म्हणणं मात्र धाडसाचं होईल. सर्टिफिकेटलाही पैसे पडायचे, बसवणं किचकट होतं, आणि 'आमच्या साइटवर चोरण्यासारखं आहे काय' ही मनोवृत्ती होतीच. कार्यकारणभाव मांडताना एका कारणाला सगळा भार देऊ नका, गाइड पहिल्या वाचनातच पकडतील.

दोन्ही बाजूंनी रेटा

२०१० नंतर चित्र पालटलं. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक जोड-साधन प्रसिद्ध झालं. उघड्या वायफायवर शेजारच्या माणसाचं लॉगिन एका क्लिकमध्ये पळवता येतं, हे त्याने कुणालाही करून दाखवता येईल इतकं सोपं केलं. फक्त लॉगिनचं पान सुरक्षित ठेवून भागत नाही, सगळी साइटच सुरक्षित हवी, हे त्यातून लोकांना कळलं. जून २०१३ पासून स्नोडेनच्या गौप्यस्फोटांनी हा मुद्दा आणखी ठळक केला.

दुसरीकडे पत्ते संपत होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे, प्रत्येकी १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्त्यांचे, पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटून झाले. भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात येतो, तिथली संस्था १५ एप्रिल २०११ रोजीच आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली आणि तिने सभासदांना त्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याची मर्यादा घातली. म्हणजे सुरक्षित साइट वाढायला हव्यात, आणि प्रत्येकीला पत्ता द्यायला पत्ते नाहीत.

या ताणाची किंमत एका ठिकाणी स्वच्छ दिसते. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडफ्रंट सेवेने २०१३ मध्ये ग्राहकाच्या स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट वापरायची सोय दिली, कारण अर्थातच जगभरच्या केंद्रांवर राखून ठेवलेले स्वतंत्र आयपी, आणि दर महिन्याला ६०० डॉलर. मार्च २०१४ मध्ये तीच सोय एसएनआयवर आली, वेगळा आकार न लावता. एकच काम, एकच कंपनी, वर्षभराहूनही कमी अंतर. गृहीतकाची किंमत रुपया-डॉलरात मोजायची असेल, तर इतकं नेटकं उदाहरण क्वचित मिळतं.

८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार संपला. २९ सप्टेंबर २०१४ ला क्लाउडफ्लेअरने फुकटच्या ग्राहकांनाही सर्टिफिकेट द्यायला सुरुवात केली, आणि ते एसएनआय जाणणाऱ्या ब्राउझरांनाच चालेल हे उघड सांगितलं. ३ डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेटं सगळ्यांना खुली झाली. शेअर्ड होस्टिंगवरच्या साध्या ब्लॉगलाही आता कुलूप लागू शकत होतं, कारण नाव सांगायची सोय एव्हाना बहुतेक ब्राउझरांत पोचली होती. मोफत सर्टिफिकेट आणि एसएनआय, दोन्ही हवेत. आयपीला पैसे पडतच राहिले असते, तर फुकटच्या सर्टिफिकेटचा छोट्या साइटला फारसा उपयोग नव्हता.

मग नियम संपला कधी?

आता तुम्हीच उत्तर द्या. २००३, कारण मानक आलं? २००९, कारण अपाचीत आलं? की २०१४, कारण एक्सपीचा आधार गेला? तीनही उत्तरं आपापल्या प्रश्नाला बरोबर आहेत. 'उपाय कधी ठाऊक झाला', 'कधी बसवता येऊ लागला' आणि 'कधी निर्धास्तपणे वापरता आला' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. माझं मत तिसऱ्याकडे झुकतं, कारण हा नियम माणसांच्या निर्णयांत जगत होता, मानकांत नाही. तुम्ही दुसरी तारीख निवडाल तर हरकत नाही, पण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देताय ते आधी लिहा. पीएचडीच्या पहिल्या वर्षी ही एवढी सवय लागली तरी खूप झालं.

आणि उपायाचंही स्वतःचं एक बिल येतंच. एसएनआयमधलं नाव उघड्यावर जातं. सुरुवातीला त्याने फारसं बिघडलं नाही, कारण तेव्हा सर्व्हरचं सर्टिफिकेटही उघडंच यायचं. ऑगस्ट २०१८ च्या टीएलएस १.३ ने सर्टिफिकेट झाकलं, आणि मग उघडं राहिलेलं नाव डोळ्यांत भरू लागलं. कोण कोणती साइट पाहतंय, हे वाटेतल्या कुणालाही त्यावरून कळतं आणि जोडणी तोडताही येते. भारतातल्या साइट-बंदीवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इथेही एसएनआय वाचून साइट अडवल्या जातात असं दाखवलं आहे. हे नाव झाकण्याची पद्धत आता तयार आहे, पण तिचाही प्रवास कागदावरून वापराकडे असाच टप्प्याटप्प्याने चालू आहे. विषय शोधत असाल तर इथे काम आहे.

व्यवहारापुरतं सांगायचं, तर आज निव्वळ सर्टिफिकेटसाठी स्वतंत्र आयपी घ्यायची गरज नाही. मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवायचे असतील, एखाद्या फायरवॉलमध्ये ठरावीक पत्ताच नोंदवायचा असेल किंवा फारच जुनी उपकरणं तुमच्या साइटला जोडली जात असतील, तर घ्या. विभागाच्या वेबसाइटच्या बिलात 'एसएसएलसाठी स्वतंत्र आयपी' अशी ओळ दिसली, तर नूतनीकरणाआधी विचारा, हा आपल्याला नक्की कशासाठी लागतो.

आणि सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा 'गृहीतके' या मथळ्याखाली एक ओळ कोरी ठेवा. आपल्या विषयात आज इतकं उघड काय आहे, की ते लिहावंसंही वाटत नाही? ते सापडलं, की त्या ओळीत लिहा. मूळ आरएफसी सगळे मोफत वाचायला मिळतात, २८१७ आणि २८१८ शेजारी-शेजारी ठेवून वाचा. शंका आल्या तर विचारा, पुढच्या लेखात घेऊ.